त्र्यंबकेश्वरातील कालसर्प शांती: विधी उत्तम, निदान संशयास्पद

त्र्यंबकेश्वर येथील एका पुरोहित घराण्याकडे माझ्या भाच्याची कालसर्प शांती (पत्रिकेतील राहू-केतूंशी जोडलेल्या दोषावरचा विधी) करवून घेतली, त्या सेवेचे हे परीक्षण आहे. घराण्याचे नाव देत नाही, कारण पुढे काही तक्रारी मांडल्या आहेत आणि त्यांपैकी बऱ्याच एका घराण्याच्या नसून या सेवेची जी सरसकट पद्धत पडून गेली आहे तिच्या आहेत. मत आधीच सांगतो. आम्हाला मिळालेला विधी जुना, अर्थपूर्ण आणि मनापासून केलेला होता. ज्या निदानाच्या जोरावर माणसे या विधीपर्यंत आणली जातात ते निदान मात्र ज्योतिषशास्त्राच्याच कसोटीवर कच्चे ठरते.

आमच्या घरी हा विषय आला तो एका ज्योतिषविषयक मोबाइल ॲपच्या सशुल्क अहवालातून. भाच्याचा जन्म २००० सालच्या मे महिन्यातला, लग्न (जन्मवेळी पूर्वेला उगवणारी रास) मकर, त्यामुळे तेव्हा मकरेत असलेला केतू लग्नी आणि राहू कर्केत म्हणजे सप्तमस्थानी. त्या महिन्यात बहुतेक ग्रह मेष आणि वृषभ या दोन राशींत एकवटले होते. त्याचा चंद्र मात्र कर्केत, आश्लेषा नक्षत्रात. अहवालाने या मांडणीवर लाल चौकटीत ‘तक्षक कालसर्प दोष’ असा शिक्का मारला, विवाहास विलंब, भागीदारीत फसवणूक आणि वैवाहिक कलह अशी यादी दिली आणि त्याच पानाच्या तळाशी पूजेची नोंदणी करण्याची सोय ठेवली. भीती आणि तिच्यावरचा उपाय एकाच विक्रेत्याकडे मिळू लागला की मला शंका येते. ताईची मात्र झोप उडाली, आणि मुलासाठी स्थळे पाहायला नुकतीच सुरुवात झालेल्या घरात ते स्वाभाविकच होते.

या निदानाची छाननी थोडी तपशिलात करणे आवश्यक आहे, कारण येथेच यजमानाचे पैसे आणि मनःशांती दोन्ही पणाला लागतात. आज प्रचलित असलेली व्याख्या अशी की, रवीपासून शनीपर्यंतचे सातही ग्रह राहू-केतूच्या अक्षाच्या एकाच बाजूला आले की कालसर्प योग होतो. राहू लग्नापासून कितव्या स्थानी आहे त्यावरून त्याला अनंत, कुलिक, वासुकी, शंखपाल, पद्म, महापद्म, तक्षक, कर्कोटक इत्यादी बारा नावे दिली जातात आणि ती बहुतांशी पुराणांतील नागांची आहेत. प्रश्न मोजणीचा आहे. आमच्या पत्रिकेत राहू कर्केच्या सुरुवातीच्या अंशांत आहे, तर आश्लेषा नक्षत्र कर्केच्या १६ अंश ४० कलांपासून पुढे सुरू होते. याचा अर्थ चंद्र राहूला ओलांडून पलीकडच्या बाजूला गेलेला आहे. राशी मोजल्या तर योग होतो, अंश मोजले तर होत नाही. ॲपने राशी मोजल्या होत्या आणि अहवालात कोठेही तसे सांगितले नव्हते.

योग खरोखर पूर्ण होत असता, तरी तो किती विरळ मानावा? प्रत्येक ग्रह स्वतंत्रपणे अक्षाच्या या किंवा त्या बाजूला असू शकतो असे धरले, तर सातही ग्रह एका बाजूला येण्याची शक्यता साधारण ६४ मध्ये १ निघते. प्रत्यक्षात ती याहून जास्त असते, कारण बुध रवीपासून सुमारे २८ अंशांपलीकडे आणि शुक्र सुमारे ४८ अंशांपलीकडे जातच नाही, म्हणजे हे तिघे बहुधा एकत्रच असतात. शिवाय शनी, गुरू आणि मंगळ एका बाजूला आले असताना रवीही त्याच बाजूला आला, तर त्यानंतर बहुधा केवळ चंद्राचाच प्रश्न उरतो आणि चंद्र दर महिन्याला जवळजवळ दोन आठवडे त्या बाजूला असतो. मे २००० मध्ये नेमकी हीच स्थिती होती. त्या दोन आठवड्यांत जगाच्या पाठीवर जन्मलेल्या प्रत्येक मुलाच्या पत्रिकेत हा योग आहे. फरक पडतो तो फक्त लग्नाचा, म्हणजे बारांपैकी कोणते नाव लावायचे याचा. एवढ्या माणसांचे विवाह एकाच कारणाने अडतात असे मानायला माझे मन तयार होत नाही.

ग्रंथाधाराची बाजू याहून रंजक आहे. पराशराच्या नावावर असलेल्या होराशास्त्रात किंवा वराहमिहिराच्या बृहज्जातकात आजच्या व्याख्येचा कालसर्प योग सांगितलेला नाही. त्यांत जो सर्प नावाचा योग येतो तो निराळा असून तो केंद्रस्थानांतील (पहिले, चौथे, सातवे, दहावे) पापग्रहांवरून, म्हणजे अशुभ मानलेल्या ग्रहांवरून, ठरतो. मात्र पराशरी ग्रंथात सर्पशापाचे प्रकरण निश्चितपणे आहे: पंचमात राहू आणि त्यावर मंगळाची दृष्टी, अशा काही ग्रहस्थितींत सर्पशापामुळे संतती टिकत नाही असे सांगून नागाची प्रतिमा करून पूजन आणि दान असा परिहार दिलेला आहे. म्हणजे पत्रिका आणि सर्प यांचे नाते जुने आहे, पण ते मुख्यतः संततीशी बांधलेले आहे. नोकरी, धंदा, विवाह, परदेशगमन, कोर्टकचेरी अशा सर्व अडचणींच्या मुळाशी एकच कालसर्प बसवण्याची प्रथा मागाहून आली आणि तिने बाजार व्यापला, एवढे माझे म्हणणे.

गुरुजींशी पहिल्यांदा बोलणे झाले तेव्हा मी हे काहीच बोललो नाही, केवळ जन्मवेळ कळवली. त्यांनी ॲपचा अहवाल पाहण्यास नकार दिला आणि पत्रिका स्वतः मांडली, ही या सेवेतील पहिली जमेची बाजू. दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, “चंद्र राहूच्या पुढे गेलेला आहे, त्यामुळे योग पूर्ण होत नाही. राहू-चंद्राची युती आहे आणि जन्मनक्षत्र आश्लेषा आहे, त्याची देवताच सर्प. शांती करायची तर नागदेवतेचे पूजन म्हणून करा, घाबरून करू नका.” दोषाची तीव्रता वाढवून सांगण्याचा मोह त्यांनी टाळला याचे मला मनापासून कौतुक वाटते, तरीही कालसर्प शांतीचीच तारीख दिली आणि दक्षिणाही त्याच विधीची सांगितली, हेसुद्धा प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. आश्लेषा नक्षत्राची स्वतंत्र शांती धर्मशास्त्रात आहे. ती करण्याचा पर्याय त्यांनी आपणहून समोर ठेवायला हवा होता.

कालसर्प शांती मंदिरात होत असेल अशी अनेकांची समजूत असते, पण ती होते पुरोहितांच्या घरी. सकाळी कुशावर्त या तीर्थकुंडावर स्नान, नवे वस्त्र, मग संकल्प. त्यानंतर गणेशपूजन, पुण्याहवाचन, मातृकापूजन आणि नांदीश्राद्ध हे कोणत्याही शांतिकर्मात येणारे टप्पे होतात आणि मग विधीचा गाभा सुरू होतो. मुख्य देवता म्हणून राहूची स्थापना असते आणि त्याच्यासोबत त्याची अधिदेवता काल आणि प्रत्यधिदेवता सर्प यांचे आवाहन केले जाते. ही जोडणी ग्रहशांतीच्या जुन्या पद्धतीतूनच आलेली आहे, त्यामुळे योगाची व्याख्या नवी असली तरी विधीची वीण नवी नाही. नवग्रहांचे पूजन, नऊ नागांचे पूजन आणि शेवटी हवन असा पुढचा क्रम. प्रत्येक ग्रहाची समिधा वेगळी असते. राहूला दूर्वा आणि केतूला दर्भ. आमच्या गुरुजींनी त्या दोन्ही जुड्या वेगळ्या ठेवल्या होत्या आणि कोणती कोणाला ते यजमानाला दाखवूनच आहुती द्यायला लावली. हा तपशील वाचकांना किरकोळ वाटेल, परंतु घाईघाईने उरकल्या जाणाऱ्या शांतींत सर्वप्रथम याच गोष्टी गळतात.

नऊ नागांचा श्लोक, अनंत, वासुकी, शेष, पद्मनाभ, कंबल, शंखपाल, धृतराष्ट्र, तक्षक आणि कालिय यांची नावे सांगणारा, पुष्कळांना पाठ असतो. त्यानंतर गुरुजींनी म्हटलेल्या यजुर्वेदातील ऋचा मात्र मी इतक्या स्पष्ट उच्चारात प्रथमच ऐकल्या: ‘नमो अस्तु सर्पेभ्यो ये के च पृथिवीमनु। ये अन्तरिक्षे ये दिवि तेभ्यः सर्पेभ्यो नमः॥’ पृथ्वीवर, अंतरिक्षात आणि द्युलोकात जे कोणी सर्प आहेत त्यांना नमस्कार, एवढाच तिचा अर्थ. पुढच्या ऋचेत झाडांच्या आश्रयाने आणि बिळांत राहणारे सर्पही येतात. मागणे काहीच नाही. भाच्याने विचारले की, या मंत्रात दोष कोठे आहे आणि शाप कोठे आहे? गुरुजी हसले आणि म्हणाले, “येथे केवळ नमस्कार आहे. बाकीचे आपण आणले.” माझ्या मते या एका उत्तरासाठी ती सकाळ सार्थकी लागली.

पूर्णाहुतीनंतर त्यांनी वेळ काढून जे निरूपण केले ते या सेवेचे सर्वांत मोलाचे अंग होते. ऋग्वेदात इंद्राने मारलेला वृत्र हा अही म्हणजे सर्प आहे, पाणी अडवून बसलेला शत्रू. यजुर्वेदात त्याच सर्पजातीला नमस्कार केला जातो. गृह्यसूत्रांत, म्हणजे घरगुती विधींच्या प्राचीन ग्रंथांत, श्रावणी पौर्णिमेपासून मार्गशीर्षापर्यंत सर्पांना बली देण्याचे कर्म सांगितले आहे. हा काळ सरळसरळ पावसाळ्याचा आणि पिकांचा आहे: बिळांत पाणी शिरते, सर्प बाहेर येतात, माणसे शेतात आणि जमिनीवर निजलेली असतात. त्या काळापुरता सर्पांशी करार करावा, त्यांचा भाग त्यांना द्यावा आणि आपल्या घरादाराला अभय मागावे, असे त्या कर्माचे स्वरूप दिसते. श्रावण शुद्ध पंचमीला आपल्याकडे नांगर धरत नाहीत, जमीन खणत नाहीत, विळी-सुरी वापरत नाहीत, तवा ठेवत नाहीत आणि वाफवलेल्या पुरणाच्या दिंडांचा नैवेद्य दाखवतात. नांगराच्या फाळाने नागाची पिले मेलेल्या शेतकऱ्याची कहाणी त्याच दिवशी सांगतात. महाभारताच्या आदिपर्वात जनमेजयाचे सर्पसत्र, म्हणजे सर्पांच्या संहाराचा यज्ञ, आस्तिकाने थांबवले, आणि तो पित्याकडून ऋषिकुळातला आणि आईकडून नागकुळातला होता. वैर मिटवणारा माणूस दोन्ही बाजूंचा असावा लागतो, ही त्या कथेची सूचकता गुरुजींनी फार सुंदर उलगडली. ताई दर नागपंचमीला पाटावर गंधाने नाग काढते आणि त्याला भाऊ मानून लाह्या वाहते. आपण आजवर जे करत आलो तीच या शांतीची मुळे आहेत, हे तिला त्या दिवशी उमगले आणि ॲपच्या लाल चौकटीचा धाक बराच ओसरला.

प्रत्यक्ष विधीत जिवंत सर्पाचा कोठेही संबंध नव्हता, सर्व पूजन चांदीच्या प्रतिमेचे झाले, हेही समाधानकारक होते. सर्प दूध पिणारा प्राणी नाही. गारुडी त्याला उपाशी आणि तहानलेला ठेवून टोपलीसमोर पेला धरतात, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर नागाला पकडणे किंवा त्याचे खेळ करणे हा गुन्हा आहे. सांगली जिल्ह्यातील शिराळ्याच्या जिवंत नागांच्या पूजेवरही न्यायालयाने याच कारणाने निर्बंध आणले.

आता तक्रारींकडे वळतो. आमच्या ओळखीच्या एका मध्यस्थाने, जो या घराण्याचा नव्हता, आम्हाला कालसर्पाऐवजी तीन दिवसांचा नारायण नागबली करण्याचा आग्रह धरला होता. हे दोन विधी एकमेकांचे मोठे-लहान रूप आहेत असे भासवणे ही चक्क दिशाभूल आहे. नारायणबली हा दुर्मरण आलेल्या जिवाच्या सद्गतीसाठी, तर नागबली सर्पहत्येच्या प्रायश्चित्तासाठी असतो. नागबलीत पिठाचा सर्प करून त्याचा रीतसर दहनविधी होतो, यजमानाला सुतक धरावे लागते आणि शेवटी सुवर्णनागाचे पूजन व दान असते. संततीचा प्रतिबंध आणि सर्पवध यांच्या संदर्भात धर्मसिंधूसारख्या १७९० मधील निबंधग्रंथातही त्याचा विचार आहे. ज्या घरात तसा काही प्रसंगच घडलेला नाही त्या घरातील तरुणाला सुतक धरायला लावणे मला अनुचित वाटते. आमच्या गुरुजींना विचारले असता त्यांनी “कारण नसताना तो विधी करू नये” असे स्वच्छ सांगितले आणि मोठी दक्षिणा सोडून दिली. हा त्यांचा फार मोठा गुण.

त्यांच्या स्वतःच्या व्यवस्थेतील उणिवा वेगळ्या आहेत. फोनवर स्वतंत्र पूजा ठरली असताना प्रत्यक्षात दोन अन्य कुटुंबांसोबत बसवण्यात आले, आणि संकल्पात तिन्ही यजमानांची गोत्रे एका दमात म्हटली गेली. आम्ही शांतपणे हरकत घेतल्यावर आमचा संकल्प पुन्हा, सावकाश झाला, परंतु हरकत घ्यावी लागू नये. सामग्रीचा खर्च दक्षिणेत धरला आहे असे समजून आम्ही गेलो होतो. चांदीच्या नागाचे पैसे तेथे निराळे मागितले गेले आणि वजन विचारल्यावर उत्तर गुळमुळीत मिळाले. पावती नाही. खोलीला धूर बाहेर जाण्यासाठी एकच लहान झरोका असल्याने हवनाच्या वेळी ताईला बाहेर येऊन बसावे लागले, आणि तिथवर जाणारा जिना वृद्धांना जिकिरीचा आहे. विधीनंतर हाती दिलेला छापील कागद तर सर्वांत खटकला: निरूपणात भीतीचा लवलेश नव्हता, आणि कागदावर मात्र नियम मोडल्यास फळ मिळणार नाही अशी तंबी होती. गुरुजींना तो दाखवला तेव्हा तो जुना मजकूर आहे, सर्वजण तोच देतात, असे ते म्हणाले. इतके चांगले बोलणाऱ्या माणसाने स्वतःचा कागदही स्वतः लिहावा.

दराच्या पारदर्शकतेबाबत दक्षिणेकडील देवस्थाने पुढे आहेत. आंध्र प्रदेशातील श्रीकालहस्ती येथे राहू-केतू पूजा देवस्थानच करते आणि तिची ठरावीक रकमेची तिकिटे मिळतात. कर्नाटकातील कुक्के सुब्रह्मण्य येथे आश्लेषा बली आणि सर्पसंस्कार या सेवा देवस्थानाच्याच यादीत आहेत. तेथे यजमानाला घासाघीस करावी लागत नाही, पण तेथील गर्दीत पत्रिका पाहून शंकानिरसन करणारा माणूस भेटणे अवघड. त्र्यंबकच्या पद्धतीत तो माणूस भेटू शकतो, आणि तिचे बळ तेवढ्यातच आहे. तो भेटला नाही तर उरते केवळ धूर आणि हिशेबाची अस्पष्टता.

म्हणून ज्यांना जायचे आहे त्यांनी पत्रिका अंशांसह सोबत न्यावी आणि योग राशीने धरला की अंशाने, हे पहिल्याच बोलण्यात विचारावे. पूजा स्वतंत्र की सामूहिक, प्रतिमा कोणत्या धातूची व किती वजनाची, आणि दक्षिणेत काय काय धरले आहे, हे संदेशावर लिहून घ्यावे. भाच्याच्या विवाहाचे पुढे काय झाले ते येथे लिहिणार नाही, कारण ते जमले किंवा न जमले तरी त्याचे श्रेय वा दोष या विधीच्या खात्यावर टाकणे मला मान्य नाही. निघताना गुरुजींनी आश्लेषा शांतीबद्दल मात्र उपयोगाची गोष्ट सांगितली: हे नक्षत्र सुमारे २७ दिवसांनी पुन्हा येते, त्यामुळे नागपंचमी किंवा अमावास्येच्या गर्दीत येण्याचे काहीच कारण नाही; साध्या आठवड्यात येणाऱ्या आश्लेषेला त्यांच्याकडे एकच यजमान असतो आणि त्या दिवशी खोलीही मोकळी असते.